महादेवाच्या डोक्यावर फाटक

तानुबाई बेलदारीण कोणाच्या घरात शिरली की आधी माणसांकडे पाहत नाही, पाट्याकडे पाहते. माणूस काय, पावडर लावून बसतो. दगडाला ते जमत नाही, असं तिचं म्हणणं. बार्शीटाकळी तालुक्यातल्या पंचवीस-तीस गावांतल्या बाया तिला हाकेवरून ओळखतात. गुळगुळीत झालेल्या पाट्या-वरवंट्याला, जात्याला छन्नीनं बारीक टोचे मारून पुन्हा खरखरीत करायचं, याला म्हणतात टाकी लावणं. मिक्सर आल्यापासून हा धंदा आचके देतो आहे. पण ठेच्याची खरी चव पाट्याशिवाय येत नाही, हे वऱ्हाडातल्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही, आणि तेवढ्या चवीवर तानुबाई साठी ओलांडून आली.

तिची एक रीत आहे. छन्नी लावायच्या आधी ती दगडाच्या चारही कोपऱ्यांना हातोडीच्या पाठीनं टिचक्या मारते आणि मान वाकडी करून ऐकते. दगड टण्ण बोलला तर जिवंत. बद्द बोलला तर मेलेला, म्हणजे आत तडा. मेलेल्या दगडाला ती हात लावत नाही. तो तिच्या हाताखाली फुटेल आणि घरमालकीण म्हणेल, मेलीनं माझ्या सासूचा पाटा फोडला. बार्शीटाकळीच्या एका मोठ्या घरचं जातं तिनं असंच परत केलं होतं. "बाई, तुमचं जातं मेलं," एवढंच बोलून उठली. घरची माणसं पोट धरून हसली. पुढच्या महिन्यात लग्नाची हळद दळताना त्याचे तीन तुकडे झाले. हसलेल्यांपैकी एकानंही येऊन सांगितलं नाही. शहाण्या माणसांची ही जुनी खोड आहे. चूक झाली की ती गावात सांगायची नाही, आणि दुसऱ्याचं बरोबर निघालं तर ते आपल्या घरातसुद्धा सांगायचं नाही.

बापानं तिला हे कान दिले. नवऱ्यानं काही दिलं नाही, तो खडी क्रशरवर धूळ खाऊन पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. शाळा तिनं फक्त बाहेरून पाहिली, ओटा बांधताना. आता अशा बाईला काळेगव्हाणच्या देवस्थान समितीनं बोलावलं ते काही अक्कल विचारायला नव्हे. देवळाच्या सात पायऱ्या झिजून काचेसारख्या झाल्या होत्या, म्हाताऱ्या बाया घसरून पडत होत्या, आणि महाशिवरात्र तीन आठवड्यांवर आली होती. पायऱ्यांना टाकी लाव आणि जा, एवढंच काम.

काळेगव्हाणचं बेलेश्वराचं देऊळ जुनं आहे. किती जुनं ते गावात कोणाला माहीत नाही, आणि सरकारी यादीत त्याचं नाव नाही. काळ्या दगडाचं दिसलं की आपल्याकडे हेमाडपंती म्हणायचं आणि पुढची चौकशी बंद. पण ज्यांनी ते बांधलं त्यांना दगड कळत होता. चुन्याचा थेंब नाही. बारा खांब, खांबांवर दगडी तुळया, तुळयांवर दगडाच्या फरशा, आणि मधल्या चौकात कोपऱ्यांवर तिरप्या शिळा ठेवत ठेवत छत मिटत नेलेलं. सगळं एकमेकांच्या वजनावर बसलेलं. आठशे-हजार वर्षं ते उभं राहिलं. मग त्याच्या नशिबी समित्या आल्या.

पहिल्या समितीनं छत गळतं म्हणून वर वीतभर काँक्रीट ओतलं. दुसरीनं खांबांना चॉकलेटी आणि तुळयांना पिवळा ऑइलपेंट फासला. नंदी चंदेरी केला. जमिनीवर चकचकीत टाइल्स बसवल्या, तशा टाइल्स आपण न्हाणीत बसवतो. गाभाऱ्यात पिंडीच्या मागे रंग बदलणारं विजेचं चक्र आलं. तिसऱ्या समितीचे अध्यक्ष जानराव. कृषी केंद्राचे मालक, गळ्यात उपरणं, बोटात चार अंगठ्या. त्यांना वाटलं, आपण काय करावं? करायला काही उरलंच नव्हतं. म्हणून ते दक्षिण दर्शनाला गेले.

चव्वेचाळीस माणसं, अकरा दिवस, एक लक्झरी बस. रामेश्वर, मदुरै, तंजावर, कांची. पाहिलं काय, तर खिडकीची जागा कोणाला मिळाली ते. रोज भात खावा लागतो म्हणून नांदेडच्या पुढे भांडणं सुरू झाली ती परत नांदेड येईपर्यंत. तंजावरला हजार वर्षांपूर्वीचं, घडीव दगडावर घडीव दगड चढवत नेलेलं ते अवाढव्य शिखर. त्याच्या पायाशी उभं राहून आमच्या एका सदस्यानं विचारलं, वर जायला लिफ्ट आहे का. माहिती सांगणारा माणूस मोडक्या हिंदीत घसा फोडत होता, आणि चव्वेचाळीस जण त्याच्याकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होते. जानरावांच्या डोक्यात मात्र एक गोष्ट घुसली. गोपुर. रंगीबेरंगी, मूर्तींनी भरलेलं, आभाळाला टेकलेलं. असं आपल्या बेलेश्वराला पाहिजे. एक्कावन्न फूट.

आता गोपुर म्हणजे काय, हे ज्याच्या पायाखालून अकरा दिवस गेलं त्याला कळायला हरकत नव्हती. गोपुर म्हणजे फाटक. देवळाच्या आवाराला भिंत असते, त्या भिंतीतल्या दारावर ते उभं राहतं, माणूस त्याच्या खालून आत जातो. त्याचा खालचा भाग बहुतेक दगडी असतो, आणि वरचे मजले विटा-चुन्याचे ठेवतात, कारण वजनाचं गणित त्या लोकांना येत होतं. देव आत, लांब, आपल्या छोट्या शिखराखाली बसलेला असतो. काळेगव्हाणात मात्र एक अडचण होती. देवळासमोर जिथं फाटक यायला पाहिजे, तिथं जानरावांच्या आठ दुकानांची रांग होती. देवाचं फाटक मोठं, पण आठ दुकानं त्याहून मोठी. म्हणून समितीनं एकमतानं ठरवलं, गोपुर मंडपावर बांधायचं. नंदीच्या डोक्यावर. म्हणजे घराचं फाटक उपटून माजघरातल्या म्हातारीच्या डोक्यावर ठेवायचं आणि पाहुण्यांना म्हणायचं, पाहा आमची ऐपत.

अकोल्याचा कुलदीप नावाचा ठेकेदार आला. पांढरे बूट, कानाला फोन. त्यानं जुन्या छतावरच स्लॅब टाकून वर गोपुर उचलायचं कागदावर काढून दिलं. शिवरात्र झाली की काम सुरू. उंचावर चढून काम करायचे लोखंडी घोडे मंडपात आणून ठेवले.

तर तानुबाईनं दोन दिवसांत पाच पायऱ्या टोचल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी ती मंडपात पाणी प्यायला आली. हातात हातोडी होतीच. सवयीनं एका खांबाला टिचकी मारली. बोलला. दुसरा बोलला. मग ती घोड्यावर चढली आणि नंदीच्या वरची तुळई ठोकली.

बद्द.

तिनं पुन्हा ठोकली. टोकाला ठोकली, मधोमध ठोकली. खाली उतरली. जानराव आणि कुलदीप बाहेर खुर्च्या टाकून बसले होते, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"जानरावजी, तुमची मधातली तुयी मेली."

"कोन मेली?" जानरावांनी फोनवरून मान वर केली.

"तुयी. नंदीच्या डोक्यावरची. पोटात तडा हाये. त्याच्यावर स्लॅप टाकसान तं सगयं खाली येईन."

कुलदीप हसला. "कशावरून म्हणता, मावशी?"

"ठोकून पायली."

"ठोकून!" त्यानं जानरावांकडे पाहिलं. "टरबूज आहे का हे?"

"टरबूज तुमी ठोकून घेता ना? मंग? दोन घडीत खाऊन मोकये होता, त्याले ठोकता. आन् ज्याच्याखाली माणसं बसतात त्याले नाई ठोकत?"

"तानुबाई," जानराव म्हणाले, "हा पाटा-वरवंटा नाई. सिव्हिलचं काम हाये. तू पायऱ्या पाय."

"मले पायऱ्याच पायच्या असत्या तं मी बोलली कावून असती?"

"मंग नोको बोलू ना, बाप्पा!"

नीट पाहा हं. तिथं एक माणूस होता ज्यानं खतं विकली, एक होता ज्यानं दुकानांचे गाळे बांधले, आणि एक बाई होती जिनं चाळीस वर्षं दगडाशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नाही. अडाणी कोण ठरलं, ते सांगायची गरज नाही.

दुसरी कोणी असती तर गप बसली असती. पण तानुबाईला आपला कान खोटा म्हटलेला खपत नाही. आणि शिवरात्र तिनं पाहिली होती. त्या दिवशी त्याच मंडपात तीन-चारशे माणूस अंगाला अंग घासून उभं असतं, त्यात ढोलांचा दणका. मेलेली तुळई आधीच वीतभर काँक्रीट पाठीवर घेऊन बसली होती. स्लॅबचं पुढे पाहू, आधी या शिवरात्रीलाच ती तगते की नाही, याची तिला खात्री नव्हती.

दगडातला तडा ऐकू येत नाही त्यांना तो दाखवायचा, याचीही बेलदारांकडे युक्ती आहे. दगड भिजवायचा आणि वाळू द्यायचा. वरचं पाणी उडून जातं, तड्यात शिरलेलं राहतं. दगड पांढुरका होतो, तडा काळा दिसतो. साधी गोष्ट, पण इथं तुळईवर ऑइलपेंटचं कातडं. त्यावर घागर ओतली तरी पाणी म्हशीच्या पाठीवरून जावं तसं जाणार.

जानराव आणि सगळी समिती अकोल्याला एका लग्नाला गेली त्या दिवशी तानुबाई घोड्यावर चढली आणि छन्नीच्या धारेनं तुळईचा रंग खरवडायला लागली. पार्वताबाई गुरवीण गाभारा झाडत होती. देवळाची पूजाअर्चा तिच्याच घराण्याकडे. ती धावत आली.

"अवं माय! देवाचा रंग कावून काढून राहिली?"

"देवाचा नोय, दुकानातला हाये. बादली धर."

"जानराव मारून टाकन मले."

"तो लग्नात जेवून राहिला. दोन घास जास्त खाईन तवरोक होते. धर म्हनतो ना बादली."

पार्वताबाईनं बादली धरली. तीन तासांत तुळईचा मधला दोन हात भाग उघडा झाला. पिवळ्याखाली हिरवा रंग निघाला, हिरव्याखाली चुना, आणि चुन्याखाली कित्येक वर्षांनी दगड. तानुबाईनं काथ्यानं घासून तो धुतला आणि दोघी खाली बसून राहिल्या. दगड कडेकडेनं वाळत आला. मधोमध, पोटाच्या बाजूनं, केसासारखी एक काळी रेघ राहिली. वर चढत जाऊन तिला तीन फाटे फुटले होते.

"पाय," तानुबाई म्हणाली. "आता तरी दिसते ना?"

पार्वताबाई पाहत राहिली. मग तिनं दोन्ही हात जोडले.

"जटा!"

"काय?"

"महादेवाची जटा वं! तीन पदरी! इतकी वर्सं रंगाखाली दबून व्हती, बिचारी!" आणि घोड्यावर चढून तिनं ताटातला अंगारा त्या रेघेला लावला.

तानुबाई बोलते आहे तोवर पार्वताबाई ओट्यावर जाऊन ओरडली होती. दिवस मावळायच्या आत अर्धं गाव मंडपात. कुठं उभं, तर नेमकं त्या तुळईखाली, माना वर करून. बाया लेकरांना उचलून धरत होत्या. कोणी नारळ आणला आणि तिथंच फोडला, दण्ण. तानुबाई हात पसरून मध्ये घुसली.

"अवं, तडा हाये तो! सरका! भायेर व्हा!"

"तुया तोंडात किडे पडतीन," एक म्हातारी म्हणाली. "देवाच्या जटेले तडा म्हनते."

तेवढ्यात लग्नातली मंडळी परतली. जानराव पायऱ्यांवरून तानुबाईच्या नावानं शिव्या घालतच चढत होते, पण आत गर्दी पाहिली आणि तोंडातली शिवी तोंडातच फिरवून त्यांनी हात जोडले. या माणसाला दगड कळत नसेल, गर्दी बरोबर कळते. त्यांनी माईक मागवला आणि जाहीर केलं की गोपुराचा संकल्प साक्षात बेलेश्वराला मंजूर झाला आहे, ही त्याची खूण. टाळ्या. दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून ऑटो भरून माणसं यायला लागली.

म्हणजे झालं काय, की तानुबाईनं तडा दाखवला माणसं लांब जावीत म्हणून, आणि माणसं त्याच्याखाली येऊन उभी राहिली. जे खरं पाहायची छाती नसते त्याला शेंदूर लावून देव करायचा आणि त्याच्याच पाया पडायचं. या एका कलेत आपल्या गावांचा हात दक्षिणेतला कोणताही शिल्पकार धरणार नाही.

शिवरात्रीला दहा दिवस उरले. भांडून काही होत नाही हे तिला कळलं. तुळईला खालून आधार पाहिजे, तोही दगडाचा. लाकडी टेकू गर्दीत सरकेल. आणि समितीचं डोकं असं की आधार म्हटलं तर जटेचं दर्शन अडतं म्हणून नाही म्हणतील.

तळ्याच्या काठी जुन्या देवळाचे दोन अठपैलू खांब पडलेले होते, सात-सात फुटांचे, कधी कुठल्या ओवरीतून निखळलेले. गावच्या बाया त्यांच्यावर कपडे आपटतात. तानुबाईनं ते ठोकून पाहिले. घंटेसारखे. ती बार्शीटाकळीला नबीकडे गेली. नबी म्हणजे विहिरीतल्या मोटारी काढणारा, कलंडलेले ट्रक उभे करणारा. त्याच्याकडे तिपाई, साखळी ओढून वजन उचलायची चैनकुप्पी, मोठे जॅक सगळं.

"तानुआपा, मंदिर में मेरेकू घुसने देंगे क्या?" तो म्हणाला.

"गाभाऱ्यात तुले काय काम हाये? भार तं भायेर हाये."

नबीनं एक खांब दोन लाकडी ओंडक्यांवर उचलून ठेवला. तानुबाईनं जानरावांना निरोप धाडला, खांब पाहून जा. ते आले. तिनं हातोडी त्यांच्याच हातात दिली.

"ठोका."

जानरावांनी ठोकलं. टण्ण्ण! आवाज तळ्यावरून पलीकडच्या बाभळीपर्यंत गेला. जानरावांचे डोळे मोठे झाले. पुन्हा ठोकलं. अंगठीनं ठोकलं.

"अरे, हा तं मदुरैसारखा वाजते! थितंही असेच गाणारे खांब हायेत. माह्या फोनमंदी व्हिडिओ हाये!"

"असन," तानुबाई म्हणाली.

"मंडपात उभे करता येतीन?"

"दोन्ही करून देतो. मधात, जटेच्या खाली, इकडून एक तिकडून एक. जटा मधातून दिसते तशीच दिसन."

"आन् वाजतीन ना?"

"आता वाजला का नाई?"

"वाजला!"

"मंग?"

तिनं एक शब्द खोटा उच्चारला नाही. खोटं होतं ते जानराव स्वतःच स्वतःशी बोलले. दक्षिणेतल्या गाणाऱ्या खांबांत भार घेणारा जाडा खांब मधे असतो, आणि त्याच्याभोवती बारीक दांड्या कोरलेल्या असतात. भार मधला घेतो म्हणून बाजूचे गाऊ शकतात. मदुरैला तिथल्या माहिती सांगणाऱ्या माणसानं हेच सांगितलं होतं. पण जानराव तेव्हा व्हिडिओ काढत होते.

नबीचं नाव निघालं तेव्हा मात्र समिती अडली. महादेवाच्या मंडपात नबी कसा?

"बरोबर हाये," तानुबाई म्हणाली. "तुमी उचला. साडेचार क्विंटलचा एक हाये. कंबर कोनाची मोकयी हाये, सांगा."

कोणाचीच मोकळी नव्हती. धर्म साडेचार क्विंटलपर्यंतच टिकला.

तीन दिवस काम चाललं. टाइल्स उखडून तिनं खालची जुनी दगडी जमीन गाठली, तीही ठोकून पाहिली, तिच्यावर बैठकीचा दगड बसवला. नबीनं चैनकुप्पीनं खांब उचलून उभा केला. तुळई आणि खांब यांच्यामध्ये बोटभर फट, त्यात सागाची फळी, आणि खाली दोन बाजूंनी समोरासमोर पोलादी पाचरी. नबी एकीकडून, ती दुसरीकडून, एक घाव त्याचा, एक तिचा. दर दहा घावांनी ती थांबायची आणि खांबाला टिचकी मारायची. टण्ण. पुन्हा घाव. टण. आवाज आखूड होत चालला. पुन्हा घाव. टक. मग एकदा ठक.

"घेतला," ती म्हणाली.

नबीनं आपल्या हातानं ठोकून पाहिलं. "अब नई गाता, आपा."

"डोक्यावर भारा असल्यावर तू गातं का?"

"मैं तो गाली देता," नबी म्हणाला, आणि दुसऱ्या खांबाकडे वळला.

शिवरात्रीच्या सकाळी मंडप भरला. जानराव नवीन उपरणं घालून माईक घेऊन उभे. बाहेर ढोलवाले. आधी दक्षिणेचा महिमा पंधरा मिनिटं झाला, मग त्यांनी चांदीच्या मुठीची काठी उचलून खांबावर मारली.

ठक.

माईकमधून ते सगळ्या गावाला ऐकू गेलं. जानरावांनी जरा खाली मारलं. ठक. दुसऱ्या खांबावर मारलं. ठक. मागून कोणी तरी म्हणालं, "झोपला वाटते." माणसं हसायला लागली. जानरावांची मान लाल झाली.

"तानुबाई! वाजत कावून नाई हा?"

"वाजन कसा? त्याच्यावर तुमची मेलेली तुयी टेकली हाये. त्यानं भार घेतला."

"तू तं म्हनली वाजते!"

"वाजत व्हता. तुमीच ठोकला. मोकया व्हता तवा वाजला, आता कामाले लागला. तुमाले गाणारा पायजे व्हता, मले उचलनारा पायजे व्हता."

"फसवलं मले!" जानराव ओरडले. "कुलदीप, काढ हे दोन्ही. आत्ताच्या आत्ता काढ!"

कुलदीप पांढऱ्या बुटांत पुढे आला. त्यानं वर पाहिलं. अंगाऱ्याखालून काळी रेघ तीन फाट्यांनी पसरलेली होती. आजवर त्यानंही तिच्यासमोर हात जोडून फोटो काढले होते. आता पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे ठेकेदारासारखं पाहिलं.

"निघतील का?" त्यानं हळूच विचारलं.

"निघतीन ना," तानुबाई म्हणाली. "उलट्या बाजूनं पाचर हानली का एका मिनटात निघते. पन बाकी सगयी माणसं भायेर जाऊ द्या. जो काढन तो एकटा खाली उभा राहीन. घ्या हातोडी."

तिनं हातोडी पुढे केली. एका बाईनं आपलं लेकरू उचललं आणि बाहेर पडली. तिच्यामागे दुसरी. बघता बघता खांबांच्या भोवती रिकामी जागा झाली, जशी वळूभोवती होते. देवाची जटा एका मिनिटात तडा झाली, आणि कोणाला व्याख्यान द्यावं लागलं नाही.

पार्वताबाई तिथंच उभी होती. "मंग ते जटा नाई का वं?" ती म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

"जटा मानतं तं मान, बाई. पन अंगारा लांबून लाव."

कुलदीपनं हातोडी घेतली नाही. त्याला फोन आला. घंटी कोणाला ऐकू आली नाही, पण तो फोन कानाला लावून बोलत बोलत मंडपाच्या बाहेर गेला आणि तिथूनच म्हणाला, "जानरावजी, मंडपावर लोड द्यायला नको. गोपुर आपण समोर घेऊ. फाटकावर. तसंही ते तिथंच असतं."

"समोर कुठं?" जानराव म्हणाले.

कुलदीपनं हात केला. सगळ्या गावानं तो हात गेला तिकडं पाहिलं. आठ दुकानं. पहिल्यावर पाटी, जानरावांच्या कृषी केंद्राची.

"थितं कसं होईन?" जानराव म्हणाले. "थितं... थितं जागा कमी पडते."

"आठ गाळे पाडले तं पुरते," मागून कोणी तरी बोललं. "देवासाठी काय मोठं हाये, जानरावजी?"

जानरावांनी माईक बंद केला. पुढच्या सभेत विषय घेऊ, असं ते म्हणाले. विषय अजून घेतलेला नाही. गोपुरासाठी आणलेली वाळू यंदाच्या पावसात तळ्यात गेली.

ढोल शेवटी वाजलेच, बाहेर आवारात. नबी जॅक गाडीत भरून निघायच्या तयारीत होता, त्याला तानुबाईनं सांज होईपर्यंत थांबवून ठेवलं. पाचर सैल झाली तर माणूस पाहिजे. ती स्वतः दिवसभर दोन खांबांच्या मध्ये, एक तळवा दगडाला लावून उभी राहिली. उपास तिचाही होता. दर्शनाची रांग नंदीला वळसा घालून कडेकडेनं सरकत होती. दुपारी एक जाडजूड पाहुणा घाम पुसत आला आणि आरामात खांबाला पाठ लावायला लागला.

"ओ भाऊ," तानुबाई म्हणाली, "टेकू नोका. तुमचा भार तुमी उचला. त्याले पुरे हाये."

पाहुण्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू कोण गं बाई इथली?"

"बेलदारीन," ती म्हणाली. "सरका."

तो सरकला.